सीएनजी टाकीच्या बोल्टला दिलेला अर्थ (ग्राउंड) : एका गाडीच्या सबवूफरचं प्रकरण

गाडी छोटी हॅचबॅक, कंपनीतूनच सीएनजी किट लागून आलेली. मालक पिंपरीत राहतात आणि चाकणला शिफ्टला जातात. गाडीत बेस हवा म्हणून त्यांनी दुसरीकडून दोन दहा इंची सबवूफर, एक मोनो ॲम्प्लिफायर आणि तयार पोर्टेड बॉक्स (हवेसाठी तोंड ठेवलेला) बसवून घेतला होता. पुढे टाकीच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासण्याची, वेळ आली. आपल्याकडे सीएनजी टाकीची दर 3 वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते आणि ती नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता असलेल्या केंद्रातच होते. केंद्रावरच्या माणसाने डिकी उघडली आणि सांगितलं, "हा डबा आधी काढून आणा, टाकीला हात लावायलाही जागा नाही. आणि ही काळी वायर आमच्या ब्रॅकेटला कोणी लावली?" असा निरोप घेऊन गाडी माझ्याकडे आली.

मी वायरिंग आणि कार ऑडिओचं काम करतो. सीएनजी गाडीत म्युझिक बसवण्याची विचारणा आता रोजची आहे. बहुतेक जण विचारतात ते एवढंच, "किती वॅटचा बसेल?" या गाडीत वॅटची अडचण नव्हतीच. अडचण होती बॅटरीतून निघालेला करंट कुठून जातो आणि कुठून परत येतो याची. म्हणून हे प्रकरण मोजमापांसकट लिहून ठेवतो आहे.

मालकांच्या तक्रारी

मालकांच्या तीन तक्रारी होत्या आणि तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही असं त्यांना वाटत होतं. पहिली, आवाज थोडा वाढवला आणि बेसचा मोठा ठोका आला की सबवूफर बंद पडतो, काही सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. दुसरी, ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो आणि इंजिनाबरोबर चढत जातो. तिसरी, शनिवार-रविवार गाडी उभी राहिली तर सोमवारी सकाळी सेल्फ लागत नाही. बॅटरी जुनी झाली असेल म्हणून त्यांनी ती बदलूनही पाहिली होती. नवी बॅटरीही सोमवारी तशीच बसली.

आधीच्या दुकानदाराने पहिल्या तक्रारीवर "मोठा ॲम्प्लिफायर घ्या", दुसरीवर "फिल्टर लावा" आणि तिसरीवर "मोठी बॅटरी टाका" असं सांगितलं होतं. तिन्ही उपायांना पैसे लागले असते आणि एकानेही काम झालं नसतं.

उघडल्यावर काय दिसलं

बॉनेटपासून सुरुवात केली. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून लाल वायर थेट निघाली होती, वाटेत फ्यूज नाही. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत जाताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याची धार वायरवर बसली होती आणि त्या जागी इन्सुलेशन इतकं घासलं गेलं होतं की आतल्या तारा दिसायला फार दिवस लागले नसते. वायरच्या वेष्टनावर "4 गेज" छापलेलं होतं. टोकाचं इन्सुलेशन सोलून पाहिलं तर बाहेरून बोटाएवढी दिसणारी वायर आत निम्मीसुद्धा नव्हती, बाकी सगळं प्लास्टिक. एक तार ब्लेडने खरवडली तर तांब्याचा रंग गेला आणि आतून चांदीसारखी पांढरी निघाली. म्हणजे वर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा अशा वायरचा रोध साधारण दीडपट असतो. मोजल्यावर धातूचा छेद सुमारे 5 स्क्वेअर एमएम भरला. खऱ्या 4 गेजचा छेद 21 स्क्वेअर एमएम असतो.

ही वायर दाराच्या पट्टीखालून डिकीत गेली होती आणि तिच्याच शेजारून, एकाच बंडलमध्ये, सिग्नलची आरसीए केबल. ॲम्प्लिफायर मागच्या सीटच्या पाठीला स्क्रूने मारलेला. त्याच्यावर "2500 वॅट" असं ठळक लिहिलेलं होतं. फ्यूजच्या खाचेशेजारी 30 छापलेलं, आणि आत 40 चा नारिंगी फ्यूज. हिरवा 30 चा वारंवार उडत असणार म्हणून कोणीतरी मोठा टाकला होता.

शेवटी काळी वायर. ॲम्प्लिफायरच्या ग्राउंड टर्मिनलवरून निघून ती सीएनजी टाकीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या बोल्टवर, रंगाच्या थरावरच, वॉशरखाली दाबलेली होती. थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) नाही, नुसत्या पिळलेल्या तारा. तिथल्या रंगाचा रंग पालटला होता आणि वायरचं टोक कडक, ठिसूळ झालं होतं. तो सांधा तापत होता.

हा बोल्ट का चालत नाही

इथे थोडं थांबतो, कारण या कामातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच होती आणि अशी जोडणी मी इतर गाड्यांतही पाहिली आहे.

ग्राउंड किंवा अर्थ म्हणजे नुसती टेकवायची वायर, असं पुष्कळ जण समजतात. पॉझिटिव्हमधून जितका करंट ॲम्प्लिफायरमध्ये जातो तितकाच ग्राउंडमधून बॉडीत आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. बेसच्या ठोक्याला 40-50 ॲम्पियर जात असतील तर तेवढेच त्या बोल्टमधून परत येतात. सांधा रंगावर असेल, सैल असेल, तर तिथे उष्णता होते आणि कधी ठिणगीही पडते. इथे तो सांधा होता सुमारे 200 बार दाबाच्या टाकीपासून वीतभर अंतरावर.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के झालं की ते पेट घेऊ शकतं. कंपनीच्या किटमध्ये व्हॉल्व्हच्या सांध्यातून गळती झालीच तर ती बाहेर नेणारी व्यवस्था असते, म्हणून रोजच्या वापरात डिकीत गॅस साठत नाही. पण सुरक्षितता अशा एकावर एक रचलेल्या आडोशांवर उभी असते. त्यातला एक आडोसा आपण ठिणगीच्या जागेने आधीच काढून ठेवायचा नसतो. दुसरा धोका कमी लक्षात येतो. ब्रॅकेटचा बॉडीशी संपर्क गंजाने किंवा रंगाने बिघडला तर परतीचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि टाकीवरून पुढे जाणारी गॅसची स्टील पाइप हीसुद्धा धातूचीच वाट आहे. गॅसच्या पाइपमधून म्युझिकचा करंट जाण्याचं काहीच कारण नाही.

तिसरी गोष्ट बॉक्सची. टाकीवर हाताने बंद करायचा एक व्हॉल्व्ह असतो. वास आला, अपघात झाला, तर तो फिरवायचा असतो. पोर्टेड बॉक्स त्या व्हॉल्व्हला चिकटून उभा होता. तो काढायला मला स्क्रू ड्रायव्हर लागला. रात्री हायवेवर मालकांना तो व्हॉल्व्ह गाठताच आला नसता.

मी ती काळी वायर त्याच वेळी सोडवली, बॅटरीवरची लाल वायर काढली आणि मालकांना सांगितलं, आधी हायड्रो टेस्ट करून या, म्युझिकचं नंतर बघू. टाकी तपासून, ब्रॅकेट केंद्रावर नीट बसवून घेऊन गाडी परत आली.

मोजमाप

वायरी काढण्याआधी मी मल्टिमीटर लावून आकडे घेतले होते. इंजिन सुरू असताना बॅटरीवर 13.5 व्होल्ट. त्याच वेळी बेसच्या ठोक्याला ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर 11.2. मधले 2.3 व्होल्ट वाटेत मेले. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडवर ठेवली तर त्यातले 0.9 एकट्या परतीच्या वाटेवर जात होते. चांगल्या ग्राउंडवर हा आकडा 0.1 च्या आसपास यायला हवा. उरलेले 1.4 त्या ॲल्युमिनियमच्या लाल वायरने खाल्ले.

या 0.9 व्होल्टमध्ये शिट्टीचंही उत्तर होतं. पुढचा स्टिरिओ डॅशबोर्डमागच्या ग्राउंडवर, ॲम्प्लिफायर मागच्या खराब ग्राउंडवर, आणि दोघांना जोडणारी आरसीए केबलची बाहेरची जाळी. दोन ग्राउंडमध्ये व्होल्टेजचा फरक पडला की त्या जाळीतून करंट वाहतो आणि अल्टरनेटरची कुरकुर सिग्नलमध्ये मिसळते. इंजिन जोरात फिरलं की सूर चढतो. खात्रीसाठी आरसीए ॲम्प्लिफायरमधून उपटून पाहिली, शिट्टी तत्क्षणी बंद. म्हणजे ती सिग्नलच्या बाजूनेच येत होती आणि पॉवरच्या वायरला लावलेल्या फिल्टरने ती गेली नसती.

बॅटरी बसण्याचं कारण निळ्या वायरमध्ये सापडलं. ॲम्प्लिफायरला चालू-बंद करणारी ही रिमोट वायर स्टिरिओबरोबर किंवा किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. इथे ती ॲम्प्लिफायरच्याच पॉझिटिव्ह टर्मिनलला एका तुकड्याने जोडून टाकली होती. ॲम्प्लिफायर चोवीस तास जागा. गाडी बंद करून डीसी क्लॅम्प मीटर लावला, 0.9 ॲम्पियर. बॅटरी 35 ॲम्पियर-अवरची. शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत हिशेब केला तर 50 ॲम्पियर-अवरच्या वर जातात. नवी बॅटरीही का बसली हे मालकांना कागदावर मांडून दाखवलं.

आता राहिलं बेसच्या ठोक्याला बंद पडणं. दोन्ही सबवूफर दुहेरी कॉइलचे, प्रत्येक कॉइल 4 ओहमची. चारही कॉइल समांतर जोडल्या होत्या, म्हणजे 1 ओहम. मीटरवर 0.9 दिसलं. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर मात्र लिहिलं होतं, किमान 2 ओहम. ओहम निम्मे झाले की करंट दुपटीकडे जातो. ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता आणि ते बरोबरच करत होता. मोठा ॲम्प्लिफायर आणला असता तर त्याच वायरीतून आणि त्याच बोल्टमधून आणखी करंट ओढला असता.

2500 वॅटचंही इथेच बघून घेऊ. डी क्लासचा ॲम्प्लिफायर साधारण 80 टक्के कार्यक्षमतेने चालतो असं धरलं तर 30 ॲम्पियरचा फ्यूज गुणिले 13.8 व्होल्ट गुणिले 0.8, म्हणजे सुमारे 330 वॅट. फ्यूजपेक्षा जास्त वीज आत शिरू शकत नाही, तर जास्त आवाज बाहेर कुठून येणार? दुकानात ॲम्प्लिफायर हातात घ्याल तेव्हा मोठ्या अक्षरांकडे न बघता फ्यूज बघा आणि हा गुणाकार करा. याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत 2 ओहमवर 300 वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) लिहिलेलं होतं, म्हणजे यंत्र चांगलं होतं. खोटी होती ती वरची छपाई.

काय ठेवायचं, काय काढायचं

मालकांचा जीव दोन सबवूफरमध्ये अडकला होता. मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. दोन दुहेरी 4 ओहम सबवूफरच्या चार कॉइल सारख्या भाराने जोडल्या तर 1, 4 किंवा 16 ओहम मिळतात, 2 मिळत नाहीत. 4 ओहमवर जोडता येतील, पण या ॲम्प्लिफायरची ताकद तिथे बरीच कमी होते आणि डिकीतली जागा तर दोघांची जातेच. एकच सबवूफर ठेवून त्याच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की बरोबर 2 ओहम, ॲम्प्लिफायरची पूर्ण ताकद, निम्मी जागा. पण जुना सबवूफर खोल होता. टाकी आणि मागच्या दारामध्ये जी पट्टी उरत होती त्यात त्याचा बॉक्स बसला की व्हॉल्व्ह पुन्हा झाकला जाणार.

सीटखाली बसणारा चपटा ॲक्टिव्ह (ॲम्प्लिफायर आतच असलेला) सबवूफर हा सीएनजी गाडीसाठी सरळ मार्ग आहे आणि बऱ्याच जणांना मी तोच सुचवतो. यांना मात्र ढोल-ताशाच्या पथकांची रेकॉर्डिंग आणि पखवाज ऐकायचा होता. ढोलाचा तो छातीत बसणारा ठोका सीटखालच्या आठ इंचीतून येतो, पण अंगभर येत नाही. मग ठरलं ते असं : दोन्ही जुने सबवूफर आणि पोर्टेड बॉक्स काढायचे, एक दहा इंची शॅलो, म्हणजे कमी खोलीचा, सबवूफर घ्यायचा, दुहेरी 4 ओहमचाच, आणि त्याला चपटा सीलबंद बॉक्स करायचा. ॲम्प्लिफायर तोच ठेवायचा, पण डिकीतून काढून पुढच्या डाव्या सीटखाली आणायचा.

ॲम्प्लिफायर पुढे आणण्याचा आग्रह माझा होता. बॅटरीची वायर आखूड होते हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा म्हणजे बॅटरीला थेट जोडलेली वायर टाकीच्या शेजारी जातच नाही. मागे जाते ती फक्त स्पीकरची वायर. ती कुठे घासून शॉर्ट झाली तर ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो आणि गाणं थांबतं. गाडी बंद असेल तेव्हा तर त्या वायरमध्ये काहीच नसतं. बॅटरीची वायर शॉर्ट झाली तर शेकडो ॲम्पियर वाहतात आणि वायर लाल होऊन कार्पेट पेटतं.

काम

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं आणि काही मिनिटं थांबलो. सीटखाली पिवळे कपलर असतात, ते सीटबेल्ट आणि एअरबॅगच्या यंत्रणेचे. त्यांना हात लावायचा नाही आणि टेस्टर तर अजिबात टोचायचा नाही.

लाल वायर 10 स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची, बारीक तारांची. करंटचा हिशेब सोपा : 300 वॅट भागिले 0.8 म्हणजे 375, त्याला 13.5 ने भागलं की जवळजवळ 28 ॲम्पियर. 10 स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरमागे 1.7 मिलिओहम. तीन मीटर वायरमध्ये पूर्ण ताकदीलाही 0.15 व्होल्टच जातात. बॅटरीपासून वीतभर अंतरावर 40 ॲम्पियरचा फ्यूज, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळच हवा. वायरच्या दुसऱ्या टोकाला, ॲम्प्लिफायरपाशी लावला तर मधल्या सगळ्या वायरला संरक्षणच राहत नाही. ॲम्प्लिफायरमधला फ्यूज पुन्हा हिरवा, 30 चा.

फायरवॉलमध्ये नवं भोक पाडलं नाही. कंपनीच्या हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) ग्रोमेटमधूनच वायर काढली, तिच्यावर कोरुगेटेड नळी चढवली. सीटखालीही फरशीला एकही स्क्रू मारला नाही. त्या पत्र्याखालून ब्रेकची पाइप, पेट्रोलची लाइन आणि या गाडीत सीएनजीची पाइपही जाते. वरून ड्रिल मारणाऱ्याला खाली काय आहे ते दिसत नाही. ॲम्प्लिफायर एका प्लायच्या फळीवर बसवला, फळी सीटच्या रुळांच्या मधल्या पट्ट्यांना क्लॅम्पने धरली आणि कार्पेटपासून दोन बोटं वर उचलून ठेवली. पुण्याच्या पावसात ओल्या चपलांचं पाणी सीटखाली साचतंच, शिवाय ॲम्प्लिफायरला खालून हवाही लागते.

ग्राउंडसाठी कार्पेटखाली बॉडीला वेल्ड केलेला कंपनीचा बोल्ट सापडला. सीटबेल्टचा बोल्ट मी या कामाला कधीच वापरत नाही, जीव वाचवणाऱ्या बोल्टचा घट्टपणा आपण बदलायचा नाही. भोवतालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, क्रिम्प केलेलं थिंबल, दातेरी वॉशर, वर नट, आणि घट्ट केल्यावर बाहेरून गंजरोधक रंगाचा हात. वायर जेमतेम हातभर, जाडी लाल वायरएवढीच. काही जण अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्या सेन्सरला वळसा घालून वायर टर्मिनलवर लावली की गाडीच्या कंप्युटरचा बॅटरीचा हिशेब चुकतो. बॉडीवरचा चांगला अर्थ पुरतो.

सिग्नल घेण्यासाठी कंपनीच्या स्टिरिओमागे कपलरला कपलर जोडणारी टी-हार्नेस लावली. कंपनीची एकही वायर कापली नाही, त्यामुळे वॉरंटीच्या वेळी ती काढली की गाडी पूर्ववत. या ॲम्प्लिफायरला स्पीकरच्या वायरींवरून थेट सिग्नल घेणारं हाय लेव्हल इनपुट होतंच, म्हणून स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करून देणारा मधला कन्व्हर्टर आणि ती आरसीए दोन्ही बाद झाली. रिमोट वायर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, स्वतंत्र छोट्या फ्यूजसह घेतली. सिग्नलची वायर मधल्या कन्सोलच्या बाजूने आणली, पॉवर दाराच्या बाजूने.

बॉक्स

बॉक्स 18 एमएम एमडीएफचा केला. बाहेरून 44 बाय 36 बाय 17 सेंटिमीटर, म्हणजे आतून 40.4 बाय 32.4 बाय 13.4, साडेसतरा लिटर. सबवूफरने आत व्यापलेली जागा वजा केली की साडेसोळाच्या आसपास उरतात. या सबवूफरच्या पत्रकातल्या सीलबंद बॉक्सच्या मापात ते बसत होतं. सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून सगळ्या कडांना सिलिकॉन, आणि सिलिकॉनचा वास पूर्ण गेल्यावरच सबवूफर आत.

"सीलबंद बॉक्सला पोर्टेडएवढा बेस येईल का?" असं मालकांनी दोन-तीनदा विचारलं. मोकळ्या मैदानात येणार नाही. गाडीत गोष्ट वेगळी आहे. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर सुमारे 70 हर्ट्झच्या खाली आवाजाची अर्धी लाट केबिनपेक्षा लांब होते आणि बंद काचांच्या आत हवेचा दाब एकदमच वर-खाली होऊ लागतो. त्यामुळे खालच्या सुरांना गाडीच उचल देते. सीलबंद बॉक्सचा आवाज खाली उतरताना सप्तकामागे 12 डेसिबलने घटतो, गाडीची उचल त्याच्या उलट दिशेने चालते. दोघांची बेरीज बरीच सपाट होते. पोर्टेड बॉक्स त्याच्या ट्युनिंगभोवती जोर देतो आणि त्याखाली सप्तकामागे 24 डेसिबलने कोसळतो. तयार बॉक्सचं ट्युनिंग त्या सबवूफरसाठी केलेलं नसेल तर एकच सूर घुमत राहतो, आणि ढोल, डग्गा, बेस गिटार सगळं एकसारखं ऐकू येतं. या गाडीत आधी तेच होत होतं.

बॉक्स टाकीपासून चार बोटं दूर उभा केला, व्हॉल्व्हची बाजू पूर्ण मोकळी सोडून. बाजूच्या पॅनेलमागच्या कंपनीच्याच भोकांतून रुंद पट्टा घेतला आणि त्याला बकल लावलं. टाकीच्या ब्रॅकेटला, बोल्टला, पट्टीला कशालाच काही जोडलं नाही. स्पीकरची 2.5 स्क्वेअर एमएम वायर लॉक होणाऱ्या दोन पिनी कपलरने सुटते. बकल काढलं, कपलर सोडला की बॉक्स हातात. मालकांकडून माझ्यासमोर दोनदा काढून घातला, मग त्यांच्या मिसेसकडूनही, कारण गाडी त्याही चालवतात.

ट्युनिंग

गेनच्या बटणाला आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत फिरवणं ही गाडीच्या म्युझिकमधली सगळ्यात महागडी सवय आहे. सबवूफर त्यानेच जळतात. गेन म्हणजे स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प्लिफायरची ताकद यांचा मेळ. आम्ही 250 वॅट लक्ष्य ठरवलं. 250 गुणिले 2 ओहम म्हणजे 500, त्याचं वर्गमूळ 22.4 व्होल्ट. सबवूफरची वायर सोडली, स्टिरिओचे बेस-ट्रेबल मध्यावर, बेस बूस्ट शून्य, आवाज तीन चतुर्थांश, आणि 50 हर्ट्झचा टेस्ट टोन. मीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू चढवला आणि 22 वर थांबलो. त्या ठिकाणी मार्करने खूण केली.

लो पास, म्हणजे ठरवलेल्या सुराखालचेच सूर सबवूफरकडे जाऊ देणारा फिल्टर, 80 हर्ट्झवर. तिथून थोडा वर-खाली करून ढोलकीच्या रेकॉर्डिंगवर ऐकलं, शेवटी 75 च्या जवळ स्थिरावलं. वर नेला की ढोलकी मागून वाजते आहे असं वाटतं, खाली आणला की दाराच्या स्पीकरांवर भार पडतो. फेजचं बटण, म्हणजे सबवूफरचा ठोका दाराच्या स्पीकरांशी जुळवणारं, ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच ठरवायचं. 180 वर ठोका भरीव आला, 0 वर पोकळ. दुसऱ्या गाडीत याच्या उलटही येईल.

पूर्ण टोनवर पुन्हा मोजलं : बॅटरीवर 13.6, ॲम्प्लिफायरवर 13.3, परतीच्या वाटेवर 0.05. गाडी बंद करून, दारं लॉक करून, थोडा वेळ थांबून क्लॅम्प मीटर पाहिला, 25 मिलिॲम्पियर, जे घड्याळ आणि लॉकसाठी लागतं तेवढंच. शिट्टी नाही. मग काचा वर करून आवाज चढवला तेव्हा मागच्या दाराचं प्लास्टिक आणि नंबर प्लेट खडखडली. दाराच्या पॅनेलमागे थरथर दाबणारी ब्युटाइलची शीट चिकटवली, नंबर प्लेटमागे फोमची पट्टी. रोजच्या आवाजाला खडखड थांबली, अगदी वरच्या आवाजाला दाराच्या एका कोपऱ्यातून थोडी येते. तो कोपरा उघडायला काचेचं बीडिंग काढावं लागतं, ते मालकांनी पुढच्या सर्व्हिसवर ढकललं आहे.

दोन जुने सबवूफर मालकांनी घरी नेले. खर्चाचं बोलायचं तर नव्या सबवूफरखालोखाल सगळ्यात जास्त पैसे तांब्याच्या वायरला आणि फ्यूज होल्डरला लागले, आणि मालकांनी त्यात घासाघीस केली नाही.

गाडी देताना बिलावर वायरची जाडी, दोन्ही फ्यूजचे आकडे, अर्थची जागा, ओहम आणि गेनची खूण लिहून दिली. त्याची एक प्रत विमा एजंटकडे पाठवायला सांगितली, कारण कंपनीने न बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत आय.एम.टी. 24 या मोटार विम्याच्या कलमाखाली वेगळ्या दाखवाव्या लागतात, नाहीतर चोरी किंवा नुकसान झालं तर त्यांची भरपाई मागताच येत नाही. दुसरी प्रत ग्लव्ह बॉक्समध्ये, हायड्रो टेस्टच्या प्रमाणपत्रासोबत ठेवली. पुढच्या टेस्टला जो कोणी ही टाकी काढेल त्याला कोणती वायर कुठली आहे हे विचारत बसावं लागणार नाही.